कापसाचा धूर, फोमची आग

मुंबईत कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये आग लागली आणि १४ जण गेले. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून गेला. अशा आगीतून जे जिवंत बाहेर येतात, त्यांच्या फुप्फुसांवर काय उपचार करायचे हे डॉक्टरांना कसे कळते? माणसाला मुद्दाम धूर देऊन तर ते शिकता येत नाही. त्यातले बरेचसे ज्ञान मेंढ्यांकडून आले आहे.

अमेरिकेत टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे डॅनियल ट्रेबर यांच्या गटाने हे प्रयोग वर्षानुवर्षे केले. मेंढीला भूल द्यायची, श्वासनलिकेत नळी बसवायची, मधमाश्या पांगवायला वापरतात तसल्या धुराच्या भात्यात सुती टॉवेलचे कापड जाळायचे आणि त्या धुराचे ४८ श्वास तिला द्यायचे. धूर आधी थंड केलेला असतो, कारण प्रश्न भाजण्याचा नसून धुरातल्या विषांचा आहे.

उंदीर स्वस्त पडतो, पण तो नाकानेच श्वास घेतो आणि नाकातच बराच धूर गाळला जातो. शिवाय त्याच्या श्वासनलिका फार बारीक. मेंढीच्या नळ्या आकाराने आपल्या जवळच्या. त्यांच्या भिंतींना रक्त पुरवणारी धमनी बांधली की धुरानंतर फुप्फुसात साचणारे पाणी कमी होते, हे मेंढीतच दिसले. म्हणजे धूर पोहोचतो नळ्यांपर्यंत, पण तिथली सूज रक्तावाटे खोल फुप्फुसापर्यंत जाते. हे साधे ज्ञान नव्हे.

श्लेष्मा, मृत पेशी आणि गोठलेले रक्तद्रव्य यांची बुचे नळ्यांत अडकतात, तेही मेंढीत स्पष्ट दिसले. म्हणून रक्त गोठू न देणारे हेपारिन नेब्युलायझरने देण्याची कल्पना आली. मेंढ्यांत गुण आला, १९९८ मध्ये मुलांवरच्या एका अभ्यासातही आला. पण तिथे तुलना आधी उपचार झालेल्या मुलांशी होती. पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करून मोठी चाचणी सुरू झाली, ती पुरेसे रुग्ण न मिळाल्याने १३ जणांवरच थांबली. काही डॉक्टर आजही हे औषध देतात, त्यामागचा मुख्य आधार मेंढीच.

मेंढी चांगली आहे. माझी तक्रार टॉवेलबद्दल आहे.

कापूस म्हणजे सेल्युलोज. त्यात नायट्रोजन जवळपास नसतो, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, सायनाइड नगण्य. आपल्या घरातल्या सोफ्याचा आणि गादीचा फोम पॉलियुरेथेनचा, तो जळताना सायनाइड सोडतो. विजेच्या तारांवरचे पीव्हीसी आम्लाचा वायू सोडते. धुरातून वाचलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या रक्तात सायनाइड किती असते, हे १९९१ मध्ये पॅरिसमधील आगीत सापडलेल्या माणसांनी दाखवले. कापसाच्या धुरातल्या मेंढीने ते कधीच दाखवले नसते. त्यावरचा उतारा, हायड्रॉक्सोकोबालामिन (ब जीवनसत्त्वाच्या कुळातलाच), अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाला तो सायनाइड दिलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांच्या बळावर, कारण माणसाला विष देऊन चाचणी घेणे अशक्य.

प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा, असे मी म्हणणार नाही. या विषयात दुसरा मार्ग अजून नाही. पण एका जिवाला धूर द्यायचाच, तर तो टॉवेलचा का? ठरावीक मापाचा धूर रोज सारखा मिळतो, हे सोयीचे उत्तर आहे. वेळेचेही तसेच. प्रयोगात मेंढी तरुण, निरोगी असते आणि औषध बहुधा तासा-दोन तासांत सुरू होते. आपल्याकडचा रुग्ण जिन्यात अडकलेला, कधी दम्याचा, कधी साठीच्या पुढचा, आणि आधी एका दवाखान्यात, मग दुसऱ्यात नेलेला. धुराच्या उपचाराचा कुठलाही नवा दावा वाचताना मी आता आधी दोनच गोष्टी शोधतो: काय जाळले होते आणि औषध किती तासांनी दिले.