मुलांची प्रार्थना आणि देवाचें उत्तर

प्रार्थना कशी करावी हें मुलांस शिकविणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ आहेत. परंतु प्रार्थना करूनही मागितलेलें मिळालें नाहीं, म्हणजे मुलाशीं काय बोलावें याचा विचार केलेले फार थोडे. वस्तुतः मुलाची श्रद्धा टिकणार कीं खचणार, हें बहुधा या दुसऱ्या संभाषणावरच अवलंबून असतें. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात व घरोघरीं प्रार्थनेचे शब्दही वेगळे आहेत. तथापि हा प्रश्न एक ना एक दिवस सर्वच घरांत येतो.

पुष्कळ वडील मंडळींजवळ याचें एक तयार उत्तर असतें. देव तीन प्रकारें उत्तर देतो, असें तीं सांगतात: 'होय', 'नाहीं' किंवा 'थांब'. सामन्याच्या दिवशीं पाऊस पडूं नये, नवी सायकल मिळावी, अशा मागण्यांपुरतें हें ठीक आहे. परंतु एखादा चौकस मुलगा लगेच विचारतो, "मग मीं मुळींच मागितलें नसतें, तरी या तिहींपैकींच एक कांहींतरी झालें असतें ना?" हा उद्धटपणा म्हणून त्यास गप्प बसविणें योग्य नव्हे, कारण त्याचा हिशेब बरोबर आहे. प्रार्थना म्हणजे केवळ मागणें, अशी समजूत आम्हींच त्याची करून दिलेली असते. शाळेंतून घरीं आल्यावर दप्तर ठेवतां ठेवतां मूल आईशीं किती बोलतें! त्यांत खाऊची मागणी एखादीच. बाकी वर्गांत काय झालें, कोण पडलें, कोणाशीं कट्टी झाली, हेंच सारें. आई त्यांतील कशाचाही निकाल लावीत नाहीं, तरी तिला सांगितल्यावांचून मुलाचा दिवस पुरा होत नाहीं. देवाशींही असें बोलतां येतें हें ठाऊक नसलें, म्हणजे प्रार्थनेचा सौदा होतो. (परीक्षेच्या दिवसांत या बाजारास किती तेजी येते, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस सांगावयास नकोच!)

आयर्लंडांत १८६७ सालीं जन्मलेल्या व पुढें दक्षिणेंत डोनावूर येथें अनेक निराधार मुलांची आई झालेल्या एमी कारमायकेल यांच्या बाळपणची एक गोष्ट ख्रिस्ती घरांत नेहमीं सांगतात. आपले तपकिरी डोळे निळे व्हावेत म्हणून त्यांनीं रात्रीं प्रार्थना केली आणि सकाळीं मोठ्या विश्वासानें आरसा पाहिला. डोळे तपकिरीच होते. पुढें हिंदुस्थानांत लुगडें नेसून लोकांत मिसळतांना तेच डोळे उपयोगीं पडले, असा गोष्टीचा शेवट. गोष्ट गोड आहे. पण ती सांगण्याच्या रीतीस माझी हरकत आहे. हा शेवट कळावयास कितीतरी वर्षें जावीं लागलीं. आरशापुढें उभ्या असलेल्या त्या चिमुकल्या मुलीस त्या सकाळीं कोणी काय सांगावें, हा खरा प्रश्न. आणि सर्वच गोष्टींस असा शेवट नसतो.

आई मुलाच्या हातीं सुरी देत नाहीं, तसा देवही अहितकारक वस्तु देत नाहीं, हा दृष्टांतही जपूनच वापरावा. सायकलीच्या बाबतींत तो चालेल. पण ज्यानें आजारी धाकट्या बहिणीसाठीं प्रार्थना केली आणि ती वारली, त्या मुलानें कांहीं सुरी मागितली नव्हती. अशा मुलाच्या मनांत पुष्कळदां एक गोष्ट दडलेली असते व ती तो कोणासही सांगत नाहीं: एक दिवस मी प्रार्थना करावयास विसरलों, किंवा मी तिच्याशीं भांडलों, म्हणून असें झालें. त्यांतच एखाद्या आप्तानें "विश्वास कमी पडला" असें म्हटलें, तर तें ओझें तो जन्मभर वाहील. हें वाक्य क्रूर आहे, आणि शिवाय खोटें आहे. गेथशेमाने बागेंत प्रभु येशूनें दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळां प्रार्थना केली. तो टळला नाहीं. पौलानें आपल्या देहांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनवणी केली, तो राहिलाच. पंडिता रमाबाईंचें केडगांवचें मुक्ति सदन तर प्रार्थनेचेंच घर. तरी १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई त्यांच्या हयातींतच वारली, आणि दुसऱ्या वर्षीं त्या स्वतः गेल्या. यांच्यापैकीं कोणाचा विश्वास कमी होता असें म्हणावयास कोण धजेल?

म्हणून प्रथम मुलास स्पष्ट सांगावें कीं, यांत तुझा कांहींएक दोष नाहीं. तो विचारील, "मग देवानें ऐकलें कां नाहीं?" त्यावर "ऐकलें, पण ती कां गेली हें मला ठाऊक नाहीं, आणि मलाही फार वाईट वाटतें," एवढेंच म्हणावें. आपलें अज्ञान कबूल केल्यानें वडीलपणा जात नाहीं. उलट देवाच्या वतीनें बनविलेलीं कारणें मुलें फार लवकर ओळखतात. बहीण देवास आवडली म्हणून त्यानें नेली, असें ऐकलेलें मूल रात्रीं झोपावयास भितें. आणि विद्यार्थी वाचकांनो, असें कांहीं तुमच्यापैकीं कोणाच्या मनांत असेल, तर तें आईस, वडिलांस किंवा आवडत्या शिक्षकांस अवश्य सांगा.

अशा दिवसांत मुलावर प्रार्थनेची सक्ति करूं नये. तो हात जोडावयास तयार नसेल, तर आईनें त्याच खोलींत, नेहमींच्या वेळीं, आपली प्रार्थना हळू आवाजांत करावी व तींत गेलेल्या मुलीचें नांव घ्यावें. स्तोत्रसंहितेंत देवाकडे तक्रार करणारीं स्तोत्रेंही पुष्कळ आहेत. ख्रिस्ती घरांत तींही मुलांस वाचून दाखवावीं. केव्हां तरी मुलगा आपण होऊन बोलूं लागेल. त्याचें पहिलें वाक्य कदाचित् रागाचें असेल. तें अडवूं नये.