पोट साफ झाले, तरीही…

मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ काढून तीन वर्षे झाली होती. पुढच्या सर्व तपासण्या समाधानकारक होत्या आणि आजी पुन्हा आपल्या देवपूजेत व नातवंडांत रमल्या होत्या. एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर बेंबीभोवती कळा येऊ लागल्या. कळ यायची, वाढत जायची आणि काही मिनिटांत ओसरायची. घरच्यांनी ओवा दिला, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. रात्री हिरवट पिवळी उलटी झाली. सकाळी मात्र थोडी शौचास झाली आणि घर निश्चिंत झाले.

आजी रुग्णालयात पोहोचल्या त्या दुसऱ्या दिवशी रात्री. जीभ कोरडी पडली होती, पोट नगाऱ्यासारखे ताठले होते, लघवी अत्यल्प होत होती. चिरंजीव पुनःपुन्हा सांगत होते, ‘‘डॉक्टर, पण सकाळी आईचं पोट साफ झालं होतं!’’ या एका वाक्याच्या भरवशावर मोलाचा वेळ निघून गेला होता.

आजींच्या लहान आतड्यात अडथळा निर्माण झाला होता. हे आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. वाटेत कोठे अडथळा आला, तरी त्याच्या पुढील भागात आधीच उतरलेला मळ बाहेर पडू शकतो. म्हणून सुरुवातीला एखाद्या वेळी शौचास झाली, एवढ्यावरून आतड्याची वाट मोकळी आहे असे समजणे चुकीचे ठरते.

शस्त्रक्रिया मोठ्या आतड्याची झाली असताना अडथळा लहान आतड्यात का यावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पोटाच्या आतील बाजूला आणि आतड्यांवर एक अतिशय नाजूक, गुळगुळीत आवरण असते. त्यामुळेच आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रियेत या आवरणाला इजा होते आणि ती भरून येताना तंतूंचे पट्टे तयार होतात. यालाच आपण ‘आतडी चिकटणे’ म्हणतो. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या पोटात असे पट्टे कमीअधिक प्रमाणात असतात आणि बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. क्वचित एखाद्या पट्ट्याखाली आतडे दुमडते किंवा त्याला पीळ पडतो. हे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत घडू शकते, तसेच दहा-वीस वर्षांनीही. यात शल्यचिकित्सकाचा हलगर्जीपणा वा रुग्णाचे कुपथ्य असतेच असे नाही. व्रणाच्या जागी झालेला हर्निया किंवा परतलेला कर्करोग यांमुळेही अडथळा येऊ शकतो. नेमके कारण शोधण्यासाठी सीटी स्कॅनचा मोठा उपयोग होतो.

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या घरी चार लक्षणे सर्वांना ठाऊक असावीत: थांबून थांबून येणारी कळ, वारंवार उलट्या, पोट फुगणे आणि वायू सरणे बंद होणे. चारही एकदम दिसतीलच असे नाही. अडथळा वरच्या भागात असेल तर उलट्या लवकर सुरू होतात आणि पोट फारसे फुगत नाही. तो खालच्या भागात असेल तर पोट आधी फुगते. कळ न ओसरता दुखणे अखंड राहू लागले, ताप आला किंवा नाडी जलद झाली, तर आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात असण्याची शक्यता असते. तेव्हा तासांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. वृद्धांमध्ये ही चिन्हे सौम्य असू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढलेला दिसत नाही. गोंधळल्यासारखे बोलणे किंवा एकाएकी मलूल होणे हेही दुर्लक्षू नये.

अशा वेळी एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या किंवा इसबगोल देऊ नये. बंद दारावर आतून जोर लावण्यासारखाच तो प्रकार होतो. तोंडावाटे अन्नपाणी थांबवून रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन चालू असल्यास ते पोहोचताच सांगावे.

रुग्णालयात नेले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, अशी धास्ती नको. रक्तपुरवठा सुरक्षित असेल, तर आधी आतड्याला विश्रांती देतात. शिरेवाटे सलाइन व क्षार देतात आणि नाकातून जठरात नळी घालून साचलेला द्रव काढतात. वरच्या पचनमार्गात दिवसाकाठी सात-आठ लिटर पाचकरस व द्रव पाझरतात. ते अडले की पोट का ताठते आणि शरीर कोरडे का पडते, हे यावरून ध्यानात येईल. कधी नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रावण देतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचले, तर अडथळा बहुधा शस्त्रक्रियेविना सुटतो. साधारण तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, किंवा त्याआधीच धोक्याची चिन्हे उमटली, तर मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये.

आजींची वाट तिसऱ्या दिवशी मोकळी झाली. घरी जाताना त्यांना थोडे थोडे, सावकाश चावून खाण्यास सांगितले. कवळी सैल होती, ती नीट बसवून घेण्यासही सुचवले. शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडींवरील पापुद्रे, सुके खोबरे असे चोथायुक्त पदार्थ काही काळ टाळावयाचे होते. या काळजीने त्रास पुन्हा होणारच नाही, अशी हमी मात्र कोणालाही देता येत नाही.

शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद औषधांच्या डब्याशेजारी ठेवा. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठाल, तेव्हा पहिले वाक्य हे असू द्या: ‘‘यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे.’’ पोट साफ झाल्याचे त्यानंतर सांगता येईल.