'रिस्क घ्या' म्हणणाऱ्या रीलमधली जीप खरं तर काय करत असते?



गेल्या महिन्यात आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. लाल दगडाचा उभा चढ, त्यावर चढणारी जीप, पुढचं एक चाक हवेत. खाली मोठ्या अक्षरांत: 'रिस्क घ्या, नाहीतर नोकरी करा!' तासाभरात चाळीस अंगठे पडले. एक माझाही होता, खोटं कशाला बोलू. रात्री सहज शोधत बसलो, की ही जागा कुठली आणि ही माणसं कोण. दोन-तीन तास त्यातच गेले, आणि शेवटी मी माझा अंगठा काढून घेतला. का काढला, तेच आज सांगतो.

जागेचं नाव मोआब. अमेरिकेतल्या युटा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठावरचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. चहूबाजूंनी वाळवंट, लाल खडक, खोल घळी, आणि मागे ला साल नावाचे डोंगर. तिथे दरवर्षी ईस्टरच्या सुमारास नऊ दिवसांची 'ईस्टर जीप सफारी' भरते. लांबलांबून लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. गंमत म्हणजे ही शर्यत नाहीच. घड्याळ नाही, पहिला नंबर नाही. गटागटाने ठरलेल्या वाटेवर जायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी परत यायचं, बस.

आता त्या रीलमधली जीप चढ चढायच्या आधी काय करते ते बघा. ते रीलमध्ये दिसत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. वाटेच्या तोंडाशी सगळ्या गाड्या थांबतात आणि चाकांतली हवा सोडतात. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर १८-२० वर आणतात. मऊ झालेला टायर दगडावर पसरतो आणि पकड वाढते. मग गाडी फोर-बाय-फोरच्या लो गिअरमध्ये टाकायची. म्हणजे ताकद भरपूर, पण वेग चालत्या माणसाएवढा. अवघड पायरी आली की ड्रायव्हर खाली उतरतो, दगड बघतो, चाक कुठे पडणार ते बघतो. समोर एक माणूस उभा राहून हातांनी खुणा करतो. त्याला स्पॉटर म्हणतात, आणि एका वेळी स्पॉटर एकच. दहा जणांनी ओरडून सल्ले द्यायचे नाहीत. (आपल्याकडे कार्यालयाच्या दारात गाडी पार्क करताना आठवा: मामा डावीकडे म्हणतात, काका उजवीकडे, आणि बंपर जातो तो जातोच.)

ज्या क्लबकडे हे आयोजन आहे, 'रेड रॉक फोर-व्हीलर्स', त्यांनी प्रत्येक वाटेला १ ते १० असा अवघडपणाचा आकडा दिलेला आहे. तुमची गाडी त्या वाटेच्या लायकीची नसेल तर ती वाट तुमच्यासाठी नाही. कित्येक अवघड जागांना शेजारून सोपी वाट असते. ती घेतली म्हणून कुणी हसत नाही, कारण घरी पोचायचं असतं. 'हेल्स रिव्हेंज', 'स्टील बेंडर' अशी नावं ऐकून आपल्याला वाटतं की वेडे लोक असणार. पण जवळून बघितलं तर मला ही माणसं आपल्या तालुक्यातल्या जुन्या किराणा दुकानदारांसारखी वाटली. उधारी मोजून देणारी.

आता टायरची हवा म्हणजे अमुक आणि लो गिअर म्हणजे तमुक असं मी म्हणणार नाही. प्रत्येक गोष्टीला बिझनेसचा धडा चिकटवायची आम्हा ट्रेनर लोकांना खोड असते, आणि त्यातूनच असली रील जन्माला येतात. मला एवढंच म्हणायचंय: ज्या चित्रावर आपण 'रिस्क घ्या' लिहितो, त्या चित्रातला माणूस दिवसभर रिस्क कमी करण्याचंच काम करत असतो.

मोआबची खरी गोष्ट मात्र धंद्याचीच आहे, आणि ती मला रीलपेक्षा जास्त आवडली. या वाटा जीपवाल्यांनी बनवलेल्या नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा युरेनियमने बनवल्या. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या एका कफल्लक भूगर्भशास्त्रज्ञाला मोआबच्या दक्षिणेला मोठा साठा सापडला. या माणसाकडे किरणोत्सार मोजायचं गायगर काउंटर घ्यायलाही पैसे नव्हते. जमिनीतून काढलेला दगडाचा तुकडा दुसऱ्याच्या यंत्राखाली धरला तेव्हा कळलं, की आपण कोट्यधीश झालो! मग झुंबड उडाली. दहा वर्षांत गावाची लोकसंख्या तिपटीहून जास्त झाली, आणि खाणी शोधणाऱ्यांनी डोंगरादऱ्यांत मिळेल तिथून रस्ते खणले. पण या मालाचं गिऱ्हाईक सुरुवातीला एकच होतं, अमेरिकेचं सरकार. सरकारची गरज भागली, खरेदी आटली, आणि धंदा बसत गेला. स्टीन स्वतः १९६८ मध्ये दिवाळखोर झाला. गावातली युरेनियमची गिरणी १९८४ मध्ये बंद पडली.

राहिलं काय? ओसाड खाणी आणि कुठेही न जाणारे खडबडीत रस्ते. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, निकामी माल. पण तिथल्या व्यापारी मंडळाने, म्हणजे मोआब चेंबर ऑफ कॉमर्सने, १९६७ मध्येच एक गोष्ट करून ठेवली होती. ईस्टरच्या शनिवारी याच रस्त्यांवरून एक दिवसाची जीप सहल काढली. एक दिवस, एक सहल. त्याचीच पुढे नऊ दिवसांची सफारी झाली. आज जीप कंपनी दरवर्षी आपल्या नव्या कल्पनेच्या गाड्या दाखवायला या एवढ्याशा गावात येते.

मला यात चार्ली स्टीनपेक्षा ते व्यापारी मंडळ मोठं वाटतं, आणि मी हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या चॅनेलवर स्टीनसारख्यांच्या गोष्टींना लाखभर व्ह्यूज मिळतात आणि व्यापारी मंडळावरच्या व्हिडिओला नऊशे. मोटेलवाला, हॉटेलवाला, टायरवाला, वेल्डिंगवाला, गाडी भाड्याने देणारा या सगळ्यांनी मिळून एक गिऱ्हाईक गावात आणलं आणि वाटून घेतलं. आपल्याकडे एका गल्लीत तीन फरसाणवाले असले तर तिघे मिळून दिवाळीच्या आधी एक स्टॉल लावतात का? मी विचारून बघितलंय. उत्तर ऐकण्यासारखं नव्हतं.

अर्थात तिथेही सगळं गोडगोड नाही. गाड्यांच्या आवाजाला गावकरी वैतागलेले आहेत. वाळवंटातल्या मातीवर सूक्ष्म जिवांची एक काळपट साय असते. ती एकदा चाकाखाली मोडली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून वाट सोडून गाडी घालणं तिथे पाप समजलं जातं. २०२३ मध्ये तिथल्या जमीन खात्याने एका भागातले शेकडो मैल रस्ते गाड्यांना बंद केले, आणि त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. आणि २०२० मध्ये कोरोनामुळे सफारीच रद्द झाली. एका गिऱ्हाईकावर उभं राहिलेलं गाव पुन्हा एका सीझनवर उभं राहिलंय का, हा प्रश्न मला पडतो. उत्तर त्यांचं त्यांनी शोधावं.

माझा अंगठा मात्र यातल्या कशामुळेच निघाला नाही. तो निघाला 'टेल गनर'मुळे.

ताफ्यात सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला लीडर असतो. आणि सगळ्यात शेवटी क्लबचाच दुसरा अनुभवी माणूस, त्याचं नाव टेल गनर. त्याच्याकडे दोर, हत्यारं, रेडिओ. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. मधल्या प्रत्येक ड्रायव्हरला एक साधा नियम: पुढच्या गाडीकडे तर बघायचंच, पण मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, आणि असं करत करत लीडरसुद्धा थांबतो. म्हणजे ताफ्याचा वेग पुढचा ठरवत नाही, सगळ्यात हळू चालणारा ठरवतो.

हे वाचलं आणि मला आपल्या दुसऱ्या बॅचमधला एक माणूस आठवला. नाव सांगत नाही, जुन्या लोकांना कळेल. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात त्याची बेकरी. लाकडाची भट्टी, पाव, खारी, टोस्ट, नानकटाई. माल उत्तम. त्या बॅचमध्ये मी 'नव्वद दिवसांत सेल डबल' असं चॅलेंज ठेवलं होतं. दर रविवारी सगळ्यांनी ग्रुपवर आकडा टाकायचा, वाढला की टाळ्या. या भावाने कर्ज काढून डिझेलवर चालणारा रोटरी ओव्हन घेतला. हप्ता महिन्याला २६,०००. माल दुप्पट निघू लागला, तसा खपवायला लांबलांबच्या दुकानांत उधारीवर टाकावा लागला. डिझेल रोख, मैदा रोख, आणि पैसे येणार दीड महिन्याने. सेलचा आकडा खरंच डबल झाला होता. मी लाइव्हमध्ये त्याचं नाव घेऊन कौतुकही केलं.

मग त्याचे आकडे यायचे बंद झाले. आमच्यापैकी कुणी फोन केला नाही. मी तर एका मीटिंगमध्ये असंही म्हणालो, की 'काही लोकांचं मोटिव्हेशन लवकर संपतं.' हे वाक्य आज लिहितानासुद्धा लाज वाटते. आठ महिन्यांनी कळलं, की बेकरी बंद आहे आणि बायकोचे दागिने सोसायटीत गहाण आहेत. ते मला त्याने सांगितलं नाही. मैदा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता म्हणून.

चूक त्याचीही होती, म्हणजे उधारीचा हिशोब त्याने करायला हवा होता. पण उधारीचा धडा मी बॅचच्या दहाव्या आठवड्यात ठेवला होता आणि चॅलेंज दुसऱ्या. हवा न सोडताच मी सगळ्यांना चढावर घातलं होतं. (बघा, नाही म्हणता म्हणता धडा चिकटवलाच.)

मी गेल्या महिन्यात त्याच्या गावी जाऊन आलो. अडीच तास बसलो, पहिला अर्धा तास दोघंही फारसं बोललो नाही. वहिनींनी चहा दिला, सोबत खारी होती, बाहेरून आणलेली. ते बघून जे वाटलं ते लिहिता येत नाही. हल्ली तो जुनी लाकडाची भट्टी पेटवतो, फक्त पहाटे, आणि पाव दोन मिसळवाल्यांना रोखीने देतो. त्या दिवशी माल संपला होता म्हणून घरात आपला काही नव्हता, असं त्यानेच हसत सांगितलं. महिन्याचा हिशोब त्याने वहीत लिहून दाखवला. आकडा छोटा आहे, पण शिल्लक आहे.

या बॅचपासून आपल्या ग्रुपवर सेलचे आकडे टाकायचे नाहीत. रविवारी सगळ्यात आधी तो बोलेल ज्याचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. आणि शेवटच्या माणसाला फोन करायचं काम दर महिन्याला एकाकडे असेल. पहिला महिना माझा. काही जण म्हणाले, 'सर, अशाने ग्रुपची एनर्जी जाईल.' जाऊ दे. ज्यांना एनर्जी हवी त्यांच्यासाठी रील भरपूर आहेत.

एक काम आहे तुमच्याकडे. तो रोटरी ओव्हन अजून विकलेला नाही, कर्जही फिटायचंय. सव्वा वर्ष वापरलेला, चालू स्थितीत, कागदपत्रं सगळी आहेत. कुणाला खरंच गरज असेल तर मला कळवा. पण घेण्याआधी तुमच्या उधारीची वही सोबत घेऊन या, आधी ती बघू.