कॅफेतल्या निऑनला मराठी का येत नाही?

लोअर परळच्या एखाद्या कॅफेत गुलाबी उजेडातल्या इंग्रजी ओळीखाली तुम्ही फोटो काढला असेलच. पण त्याच कॅफेच्या दारावरची पाटी आठवतेय? ती मराठीत असते, कारण कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पाट्या बदलल्या. आता दादर ते लालबाग चालताना जरा नीट बघा. इंग्रजी नाव डिझायनरनं घडवलेलं, मराठी बरेचदा हाताला लागेल त्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं. कोर्ट आकार देऊ शकतं, रूप कुठून देणार?

पाटीला कमी समजू नका. ब्रूस नाऊमन या अमेरिकन कलाकाराचा सॅन फ्रान्सिस्कोतला स्टुडिओ आधी किराणा दुकान होता. खिडकीत बिअरची निऑन पाटी तशीच राहिलेली. त्यावरून सुचून १९६७ मध्ये त्यानं खरा कलाकार काय करतो, हे सांगणारं एक वाक्य निऑनमध्ये गोल गोल फिरवलं. तंत्र जाहिरातीचं, पण विकायला काहीच नाही! आपल्या मुंबईच्या, जेजेत शिकलेल्या शिल्पा गुप्तानंही 'माय ईस्ट इज युअर वेस्ट' हे शब्द दिव्यांत मांडलेत. पण तेही इंग्रजीतच.

'देवनागरी निऑनमध्ये बसत नाही' असं कुणी म्हणेल. काचेची नळी तापवून वाकवायची असेल तर जोडाक्षरं अवघड जाणार, कबूल. पण कॅफेतलं 'निऑन' बहुतेक वेळा एलईडीची लवचीक पट्टी असते. ती कापता येते, हवी तशी वळवता येते. त्यामुळे ही सबब फारशी पटत नाही.

आणि अक्षरं घडवणं मराठीला नवं थोडंच आहे? कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली, की शिवाजी मंदिरात किंवा साहित्य संघात जाण्याआधी, पेपरातल्या जाहिरातीतच नाटकाचा स्वभाव कळायचा. आज मुंबईच्याच 'एक टाइप'चा गुबगुबीत 'मोदक' फॉण्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. कॉलेज फेस्टच्या सेल्फी पॉइंटची ऑर्डर अजून गेली नसेल, तर त्यावर काय लिहिताय?