ध्वजनिधी नव्हे, हक्काचा निवारा

1949 पासून दर 7 डिसेंबरला ध्वजनिधीचे डबे फिरतात. दानाला आमचा विरोध नाही. पण सैनिकाचे वार्धक्य दानावर का सोपवावे? साधा जवान बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. त्याला पुढे घरी नैसर्गिक मृत्यू आला, तर विधवेच्या वाट्यास सामान्यतः त्या तुटपुंज्या अखेरच्या वेतनाचे 30 टक्के येतात. 2003 पासूनच्या माजी सैनिक आरोग्य योजनेने औषधोपचाराची सोय केली. परंतु अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला कुशीवर कोण वळवणार? मुले पोटासाठी मुंबई-पुण्यास. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या गावांचे हे थकलेले वेतनच होय. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी खर्चाने शुश्रूषागृहे हवीत. तेथे पतिपत्नी एकत्र राहावीत आणि पतीमागे पत्नीची खाट काढून घेतली जाऊ नये. ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांवर न्यावी.