बेंजोवाल्याचं नाव काय?

गेल्या लग्नसराईत चिरनेरला एका मित्राच्या पुतणीची हळद होती. आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. संध्याकाळी धवलारीण धवले म्हणून गेली, जेवणाच्या पंगती उठल्या आणि रात्री अंगणासमोरच्या स्टेजवर आगरी-कोळी गीतांचा कार्यक्रम सुरू झाला. स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर गायकाचा भलामोठा फोटो, त्याचा मोबाईल नंबर, साउंडवाल्याचं नाव, मंडप डेकोरेटरचं नाव आणि शुभेच्छुक म्हणून चार पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. स्टेजवर मात्र आठ माणसं होती. एक गायक, एक गायिका आणि सहा वाजवणारे. या सहांपैकी एकाचंही नाव त्या फ्लेक्सवर नव्हतं. ज्याने खुर्च्या पुरवल्या त्याचं होतं, ज्यांनी काहीच पुरवलं नाही त्यांचंही होतं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यात गायक अंतरा विसरला. समोरच्या पोरांना ते कळलंही नाही. कारण बेंजोवाल्याने त्याच क्षणी धून उचलली, मुखड्याची ओळ दोनदा फिरवली आणि ढोलकीवाल्याने त्यावर असा तोडा दिला की नाचणाऱ्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं असणार. तेवढ्या वेळात गायकाला शब्द आठवले. रात्री उशिरा त्याचा गळा बसायला लागला, तेव्हा कीबोर्डवाल्याने न सांगता पट्टी एका सुराने खाली घेतली. गाडी अडली नाही. टाळ्या अर्थात गायकाला मिळाल्या.

मध्यंतरात चहा घेताना मी बेंजोवाल्याशी बोललो. तो आमच्याच पनवेलच्या बाजूचा निघाला. त्याचे वडील ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. मी विचारलं, "तुमची नावं का छापत नाहीत?" तो हसला. म्हणाला, "नाव कशाला, भाईजान? बेंजोवाल्याला बोलवा म्हटलं की मीच येतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला त्रास त्याचाच झाला. माणसाला आपलं नाव नसण्याची इतकी सवय व्हावी?

आपल्याकडचा हा बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारख्या पट्ट्या बसवलेलं वाद्य. त्याचं मूळ जपानी 'ताइशोगोतो'मध्ये आहे. ते १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालं आणि आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुजलं. नाव मात्र त्याला अमेरिकेतल्या बँजोचं मिळालं. तो मूळ बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांतून घडला आणि पुढे तिथल्या गोऱ्या शेतकरी-कामगारांच्या 'कंट्री' संगीतात जाऊन बसला. त्या संगीतात साथीदारांचं काय होतं हे पाहण्यासारखं आहे. कारण ते संगीतही आपल्या आगरी-कोळी गाण्यांसारखंच गावातलं, घामाचं आणि नाचण्याचं.

तिथे प्रत्येक मोठ्या गायकाच्या मागे नाव असलेला बँड होता. हँक विल्यम्सचे 'ड्रिफ्टिंग काउबॉइज', अर्नेस्ट टबचे 'टेक्सस ट्रूबाडूर्स', मर्ल हॅगार्डचे 'स्ट्रेंजर्स', बक ओवेन्सचे 'बकरूज'. १९५५ साली जॉनी कॅशची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्या लेबलावर त्याच्यासोबत 'टेनेसी टू' असंही छापलं होतं. हे दोघे म्हणजे गिटारवाला लूथर पर्किन्स आणि बेसवाला मार्शल ग्रँट. दोघेही मेम्फिसमध्ये मोटार मेकॅनिक होते. त्यांच्याकडे ड्रम वाजवणारा नव्हता, म्हणून कॅश स्वतःच्या गिटारच्या तारांत कागद अडकवून ठेका काढायचा. आगगाडीच्या चाकांसारखा जो ठेका पुढे जॉनी कॅशची ओळख बनला, तो या तिघांच्या तुटपुंज्या सामानातून तयार झाला होता. १९६० साली ड्रमवाला डब्ल्यू. एस. हॉलंड आला आणि 'टू'चे 'थ्री' झाले. माणूस वाढला तसं नाव बदललं, ही गोष्ट मला फार आवडली.

बक ओवेन्सच्या बँडमधला डॉन रिच गिटार वाजवायचा आणि मालकाच्या आवाजाला वरच्या सुरात साथ द्यायचा. ओवेन्सची गाणी म्हणून लोक जे ऐकत होते, त्यात अर्धा आवाज रिचचा होता. १९७४ साली मोटरसायकल अपघातात तो गेला. त्यानंतर ओवेन्सची गाडी पुन्हा तशी चालली नाही, आणि हे तो स्वतःही मान्य करत असे. 'बकरूज'च्या नावाने वेगळ्या रेकॉर्डही निघाल्या होत्या. तिथल्या कंट्री म्युझिक असोसिएशनने १९६७ साली पुरस्कार सुरू केले, तेव्हापासूनच वाद्यवृंदासाठी वेगळा पुरस्कार ठेवला होता.

अमेरिकेत सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. बँडचं नाव असलं तरी माणसं पगारावरचीच होती. मार्शल ग्रँट पंचवीस वर्षं कॅशसोबत वाजवत होता, त्याला १९८० साली काढून टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोडीने मिटलं. म्हणजे नाव मिळालं की न्याय मिळाला असं होत नाही. पण ग्रँट कोर्टात जाऊ शकला, कारण तो कोण आहे आणि त्याने काय केलं हे रेकॉर्डवर छापलेलं होतं. आपला बेंजोवाला उद्या कुठे दाद मागायला गेला, तर दाखवणार काय?

आपल्याकडे साथीदाराला नाव देण्याची रीत कधी नव्हतीच, असंही नाही. पोवाड्यात आणि तमाशात मुख्य गायकाची ओळ उचलून धरणाऱ्याला 'झीलकरी' म्हणतात. झील नसेल तर पोवाडा उभा राहत नाही. कव्वालीत मागे बसून टाळ्या आणि आवाज देणाऱ्यांना 'हमनवा' म्हणतात. हम म्हणजे सोबत, नवा म्हणजे आवाज. कव्वालाच्या नावापुढे 'व हमनवा' लिहिण्याची पद्धत आहे. नुसरत फतेह अली खाँ जगभर गेले ते 'अँड पार्टी' म्हणूनच. हार्मोनियमवर त्यांचे भाऊ फर्रुख फतेह अली आणि तबल्यावर दिलदार हुसेन असत, आणि ही नावं रसिकांना माहीत असत. शाहिरीतही तेच. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली पथक उभं केलं तेव्हा त्याला कुणा एकाचं नाव दिलं नाही, 'लाल बावटा कलापथक' म्हटलं.

मराठी संगीत रंगभूमीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बालगंधर्व गायचे तेव्हा साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ज्या नाट्यसंगीताला आपण मराठी संस्कृतीचा मानबिंदू म्हणतो, त्याच्या ताल-सुराचा एवढा भार या दोन मुसलमान वादकांनी वाहिला. थिरकवाँसाहेब पुढे स्वतंत्र तबलावादक म्हणून गाजले, १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. कादरबक्षांचं काय? नाट्यसंगीताचे जुने जाणकार सोडले तर हे नाव आज किती घरांत माहीत आहे? दोघेही एकाच रात्री, एकाच गाण्याला साथ करत होते. फरक एवढाच की एकाला पुढे स्वतःची मैफल मिळाली. म्हणजे साथ कितीही थोर असो, साथ म्हणून ती आपण लक्षात ठेवत नाही. साथीदार पुढे येऊन बसला, तरच तो आपल्याला दिसतो.

सिनेमात हे आणखी पक्कं झालं. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे ख्रिस्ती वादक, मुसलमान सारंगिये आणि सतारिये, मराठी व्हायोलिनवादक आणि ढोलकीवाले एकत्र बसून वाजवायचे. पडद्यावर नाव संगीतकाराचं यायचं. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचा वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझांनी बांधला. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं, तेही शिष्याने गुरूला केलेला सलाम म्हणून. देशभर लोक ते नाव गुणगुणत होते आणि ते एका खऱ्या वादकाचं आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

आता थोडं आमच्या समाजाविषयी. मुसलमानांनी मराठी संस्कृतीला काय दिलं, याच्या याद्या आम्ही आवडीने करतो. मीही केल्या आहेत. त्यात अब्दुल करीम खाँ असतात, अमर शेख असतात. पण लग्नाच्या वरातीत पुढे चालणारा बँडवाला, सनईवाला, क्लॅरनेटवाला त्या यादीत नसतो. उलट, आमच्याच घरांत 'मिरासी' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. बँडवाल्याच्या मुलाला मुलगी देताना नाक मुरडलं जातं. वाजवणं धर्मात बसतं की नाही यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक स्वतःच्या घरच्या वरातीला मात्र त्यालाच बोलावतात आणि वर त्याच्याशी पैशांसाठी घासाघीस करतात. बाहेरच्यांनी आपली नोंद घेतली नाही असं म्हणण्याआधी, आपण आपल्या माणसांची नोंद कशी ठेवली, हे बघायला हवं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. साथीदाराने मागेच राहायचं असतं, तीच त्याची कला. ते खरं आहे. गायकाच्या आवाजावर चढणारा बेंजोवाला चांगला बेंजोवाला नव्हे. दुसरं उत्तर असं की लोक गायकाला बघायला येतात, सुपारी त्याच्या नावावर मिळते, कार्यक्रम पडला तर शिव्याही तोच खातो. हेही खरं आहे. आगरी-कोळी गीतं गाणारे गायकही काही कोट्यधीश नाहीत. म्हणून फोटो मोठा गायकाचाच असावा, मानधनही त्याला जास्त मिळावं, यावर माझा आक्षेप नाही. पण सुरात मागे राहणं वेगळं आणि कागदावर नसणं वेगळं. पहिली गोष्ट वादक स्वतः निवडतो, दुसरी त्याच्यावर लादली जाते.

आणि आता हा नुसता मानापमानाचा प्रश्न राहिलेला नाही. हळदीतला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढतो. स्टुडिओत केलेल्या आगरी-कोळी गाण्यांना लाखोंनी प्रेक्षक मिळतात. वादकाला एका रात्रीचे किंवा एका रेकॉर्डिंगचे पैसे मिळतात आणि हिशेब संपतो. कायदा मात्र वेगळं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क आले आणि सादरकर्ता म्हणजे फक्त गायक नव्हे, वादकही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ बी आलं. त्यानुसार, वापराच्या स्वरूपामुळे नाव देणं शक्य नसेल तेवढे प्रसंग सोडले, तर आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क सादरकर्त्याला आहे. यूट्यूबच्या व्हिडिओखाली नावं लिहायला जागा नाही, असं कुणी म्हणू शकेल का? त्याच दुरुस्तीनंतर २०१३ साली गायकांच्या हक्कांसाठी देशपातळीवरची संस्था निघाली. तिच्या नावात वादक आले ते नंतर. कायद्यातही आपला क्रम फ्लेक्ससारखाच, आधी गायक आणि जागा उरली तर वादक.

चिरनेरमध्ये हा विचार मनात येण्याला आणखी एक कारण आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच गावाच्या अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं धारातीर्थी पडली. त्यात कुणी मोठा पुढारी नव्हता. शेतकरी, कोळी, कातकरी होते. नाग्या कातकरी हे नाव आज रायगड जिल्ह्यात शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे, ते गावाने जपलं म्हणून. दरवर्षी २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. हौतात्म्य आणि हळदीतला बेंजो यांची तुलना मी करत नाही. सांगायचं एवढंच की इतिहासात 'जमाव' म्हणून गेली असती अशी माणसं या गावाने नावानिशी लक्षात ठेवली. ज्यांना हे जमतं, त्यांना फ्लेक्सवर सहा नावं लिहिणं जड नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने फ्लेक्स छापायला देताना गायकाला विचारावं, साथीला कोण कोण आहे. खाली एक ओळ छापावी. बेंजो अमुक, ढोलकी अमुक, कीबोर्ड अमुक. गायकाने मध्यंतराआधी एकेकाचं नाव घेऊन त्याला दोन मिनिटं वाजवू द्यावं. व्हिडिओ चढवणाऱ्याने नावं लिहावीत, आणि पुढे त्या गाण्यावर पैसे आले तर वाटणी कशी होणार हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर ठरवावं. आमच्या मशिदी-जमातींच्या वर्तुळात मिरासी हा शब्द शिवी म्हणून कानावर आला, तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे टोकावं.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मी मित्राला हे बोललो. तो म्हणाला, "खरंय रे, डोक्यातच आलं नाही." त्याने माइक घेतला आणि सहाही जणांना नावं विचारून ती मोठ्याने वाचली. निम्मी माणसं तोवर घरी गेली होती. बेंजोवाला वायर गुंडाळत होता, त्याचं नाव आलं तेव्हा तो थांबला. मुलाच्या लग्नात नावं छापूनच लावीन, असं मित्राने कबूल केलंय. मी त्याला आठवण करणार आहे.