खोलीचं भाडं आणि कागदाची भीती

देहूपासून तळवडे, चिखली आणि पुढे चाकण एमआयडीसीपर्यंत खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या त्या कंत्राटी कामगारांच्या जिवावर. मालक आणि भाडेकरू यांच्या वादावर इथे एक तयार उपाय ऐकायला मिळतो : कागद करूच नये. कागद केला की भाडेकरू घरात रुतून बसतो, कोर्टात आयुष्य जातं. त्यापेक्षा ओळखीवर खोली द्यावी, बिनसलं तर चार जाणत्यांसमोर मिटवावं, नाहीच ऐकलं तर दाराला कुलूप घालावं. वर कुणी तुकोबांचाही दाखला देईल, की त्यांनी तर सावकारीची खतंच इंद्रायणीत बुडवली. पण तीच परंपरा हेही सांगते, की आधी खतांची वाटणी झाली, धाकट्या कान्होबांच्या वाट्याची त्यांच्या हाती दिली आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. ज्याचं येणं होतं त्याने आपला हक्क सोडला. रोख डिपॉझिट घेऊन पावती न देणारा मालक मात्र समोरच्याचा पुरावा बुडवतो, त्याने तरी हा दाखला देऊ नये.

रुतून बसण्याची भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालच्या पागडीच्या चाळींतून ती आली. पण ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने गणित उलटवलं आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो, मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मिळते आणि लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. उलट कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची. तसा नसेल तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. म्हणजे कागद टाळून मालक स्वतःचंच हत्यार मोडतो. पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजे करार, हाही एक गैरसमज. त्या फॉर्मवर डिपॉझिट परत कधी मिळणार हे कुठे लिहिलेलं असतं?

यावर म्हणतील, हा कायदा अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता, आमच्या वाडीला लागू नाही. नसेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, आणि तिथे तर करारात काय ठरलं यालाच सर्वाधिक वजन. कुलूप घालणंही तिथे पचत नाही : बळाने बाहेर काढलेला भाडेकरू स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दाच नसतो. काहीजण केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्याकडे डोळे लावून आहेत. २ जून २०२१ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या त्या मसुद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच डिपॉझिटची मर्यादा आहे खरी, पण लेखी कराराची सक्ती त्यातही आहेच.

चार जाणत्यांना माझा विरोध नाही. फक्त ते जाणते बहुधा स्वतःच खोल्यांचे मालक असतात, आणि समोर कागद नसला की निवाडा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो. तडजोडच हवी तर लोकअदालत आहे. तिथे कोर्ट फी नाही, आणि १९८७ च्या कायद्याने तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावर अपीलही नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कंत्राट सहा-सात महिन्यांचं, कॉट बेसिसवर राहणारी पोरं दर हंगामाला बदलणारी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्काच असलं तरी नोंदणी फी आणि एजंटाचे पैसे प्रत्येक वेळी कोण मोजणार? इथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. निदान पावती तरी द्यावी. ही मंडळी कोर्टापर्यंत जातील अशी भांडणं क्वचितच करतात. सोडून जाताना सबमीटरचा आकडा आणि रंगकामाच्या नावाने डिपॉझिटमधून कापलेली रक्कम, यांवरच ठिणगी पडते. चावी देण्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग, डिपॉझिटची रक्कम आणि रंगाचा खर्च कुणाचा, एवढं वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या करायला सब-रजिस्ट्रारचं दार ठोठवावं लागत नाही.